‘मुलीचे गुण कमी दाखवले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार काका,

रिव्ह्यू वाचला. तीन आठवडे लावले, फी घेतली आणि बी.एस्सी.ला 72 टक्के मिळवलेल्या मुलीच्या गुणांची जर्मन पद्धतीची ग्रेड आमच्या रिपोर्टमध्ये 2.4 काढली; इंटरनेटवरचा कॅल्क्युलेटर फुकटात 2.6 दाखवतो, म्हणजे आम्ही तिचे गुण कमी केले, असं तुम्ही म्हणता. आकडे तुम्हीच जाहीर लिहिलेत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

जर्मनीत 1.0 ही सर्वांत वरची ग्रेड, 4.0 म्हणजे काठावर पास. त्यामुळे 2.4 ही 2.6 पेक्षा चांगली ग्रेड आहे. मास्टर्सला 2.5 ची अट असली तर एकीवर अर्ज चालतो, दुसरीवर नाही.

आता फरक का पडला ते. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. 100 मधून 72 गेले, राहिले 28. त्याला 100 आणि पासिंगमधल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. तुमच्या कॅल्क्युलेटरने पासिंग 50 धरलं, म्हणून 2.68 आलं, दशांशाचा पहिलाच अंक ठेवून 2.6. तिच्या विद्यापीठात पासिंग 40 आहे. 28 भागिले 60, तिनाने गुणून अधिक एक: बरोबर 2.4.

हे 40 तिच्या मार्कशीटवर कुठेच छापलेलं नाही. आम्ही तोंडी सांगून कोण मानणार? प्रवेशाच्या वर्षीचे परीक्षा नियम काढून परीक्षा विभागाचं सही-शिक्क्याचं पत्र मिळवलं. तीन आठवडे त्यात गेले, आणि ते पत्र नसतं तर मी रिपोर्टवर सही केली नसती.

क्रेडिटचंही असंच. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये साधारण 15 तासांचं लेक्चर. युरोपात एका क्रेडिटला 25 ते 30 तास, त्यात घरचा अभ्यासही धरतात. तिथली तीन वर्षांची पदवी 180 क्रेडिटची असते. आपली बेरीज त्याहून कमी दिसली की बडोद्यातली हुशार मुलं अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून रिपोर्टला विषयवार सिलॅबस जोडला आहे, तो काढू नका.

शेवटचा निर्णय त्या विद्यापीठाचा, हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. काम पूर्ण झालंय, त्यामुळे फी परत करणार नाही. पण दांडिया बाजारच्या ऑफिसात कधीही या, मुलीलाही आणा, समोर बसून गणित करून दाखवतो. तोवर अर्जासोबत परीक्षा विभागाचं पत्र लावा, कॅल्क्युलेटरचा स्क्रीनशॉट लावू नका.