बॅटरीच गेली आहे!

घोडबंदर रस्त्यावर मोठमोठी गृहसंकुले उभी राहिली तेव्हा प्रत्येकाच्या माहितीपत्रकात हिरवळीचे चित्र होते. ती हिरवळ कापायची कोणी, याचा उल्लेख मात्र कोठेही नव्हता. आमच्या संकुलाच्या मागील कार्यकारिणीने या प्रश्नावर उपाय म्हणून बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र घेऊन ठेवले. चार चाके, स्टिअरिंग, सीट आणि पोटाखाली फिरणारी पाती असलेल्या या यंत्राला आमचे माळीकाका ‘गाडी’ म्हणतात आणि ती चालवायची असेल त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून येतात. पावसाळ्यात ठाण्यातील गवत ज्या ईर्ष्येने वाढते ते पाहता ऐन जुलैत किल्ली फिरवल्यावर गाडीने नुसते ‘टक्’ केले, तेव्हा निम्मे संकुल छत्र्या घेऊन तिच्याभोवती जमले यात नवल नव्हते.

‘बॅटरी गेली’ हा निष्कर्ष तेथल्या तेथे एकमताने निघाला. पार्किंगपासून पाण्यापर्यंत आमच्या सभेत कोणताच ठराव एकमताने झाल्याचे मला, म्हणजे सचिवाला, आठवत नाही. बॅटरीच्या बाबतीत मात्र सगळे ज्ञानी असतात. माझ्या मते बॅटरीचा खरा अपराध एवढाच की ती दिसते. सीट उचलली की ती समोरच बसलेली असते, आणि चार्जिंगची वीज तयार करणारी कॉइल मात्र इंजिनाच्या फ्लायव्हीलखाली, म्हणजे त्याच्याबरोबर फिरणाऱ्या जड चाकाखाली, कोणाच्या नजरेस न पडता सुखात असते.

दोन सुरक्षारक्षकांनी धक्का मारून पाहिला. या गाडीत तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअर असल्यामुळे चाके फिरली म्हणून इंजिन फिरत नाही, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते गाडी थेट क्लब हाउसपर्यंत घेऊन गेले. मग रीतसर ठराव होऊन नवी बॅटरी आली, सेल्फ मारताच इंजिन सुरू झाले आणि आपले निदान अचूक ठरल्याचे समाधान प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसू लागले. पुढच्या आठवड्यात गाडीने पुन्हा ‘टक्’ केले. आता ‘बॅटरी डुप्लिकेट आहे’ असा सुधारित निष्कर्ष निघाला. दुकानदाराने ती चार्ज करून, तपासून, ठणठणीत असल्याचे सांगून परत पाठवली. गाडी पुन्हा काही दिवस चालली आणि पुन्हा थांबली. चुकीचे औषध दर वेळी थोडा वेळ लागू पडत असेल, तर रोग कोणाला सापडणार?

अखेरीस वागळे इस्टेटमधून एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. त्यांनी बॅटरीला हात लावण्याआधी मला विचारले, ‘साहेब, गच्चीवरची टाकी रोज रिकामी होते म्हणून तुम्ही टाकी बदलता की पंप बघता?’ एका टाकीची फेरखरेदी नुकतीच मंजूर केलेली असल्यामुळे मी विषय बदलून चहा मागवला.

मिस्त्रींनी मीटर लावला. चार्ज करून आणलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट दाखवत होती, म्हणजे ती बिचारी निर्दोष होती. इंजिन सुरू करून रेस वाढवली की हा आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान जायला हवा. येथे तो १२.४ वर आला आणि तेथून हळूहळू उतरतच राहिला. हँडब्रेक सैल असल्याने सीटवरून कोणी उठले की सुरक्षेचा स्विच इंजिन बंद करत असे. त्यामुळे एका रक्षकाला सीटवर बसवून ठेवले होते. तो दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, जागच्या जागी, अत्यंत गंभीर चेहऱ्याने गाडी चालवत होता.

याच वेळी आमच्या अध्यक्षांनी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची सूचना केली. इंजिन बंद पडले नाही तर चार्जिंग ठीक, असा जुन्या गॅरेजमधला दाखला त्यांनी दिला. मिस्त्रींनी त्यांचा हात मधल्या मध्ये धरला. या इंजिनाची ठिणगी बॅटरीवर नव्हे, तर चुंबकाच्या जोरावर स्वतःची वीज करणाऱ्या मॅग्नेटोवर पडते, त्यामुळे त्या प्रयोगातून चार्जिंगविषयी काहीच कळत नाही. उलट बॅटरीचा आधार सुटल्याने रेग्युलेटर जळण्याचा संभव मात्र असतो, हे त्यांनी शांतपणे समजावले. अध्यक्षांचा हात धरणारा मनुष्य मी आमच्या संकुलात प्रथमच पाहिला.

फ्यूज शाबूत निघाला. मग कॉइलकडून येणाऱ्या दोन वायर सोडवून मीटर एसीवर लावला, तर ३२ व्होल्ट आले. म्हणजे फ्लायव्हीलची चुंबके आणि कॉइल आपले काम चोख करत होती. उरले ते एसीचे डीसी करून बॅटरीला मोजून देणारे आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट, म्हणजे तळहाताएवढा, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या असलेला अॅल्युमिनियमचा तुकडा. त्याची अर्थिंग वेगळ्या वायरीने नव्हे, तर त्याला इंजिनाच्या अंगावर बसवणाऱ्या बोल्टमधून होते. मिस्त्रींनी वायरीचे एक टोक युनिटच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवले मात्र, मीटर १४.१ वर गेला. म्हणजे युनिटही निर्दोष होते, तुटली होती ती त्याची अर्थिंग.

युनिट खोलल्यावर त्याच्या बैठकीवर गुळगुळीत, चकचकीत, हिरवागार ऑइलपेंट दिसला. पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून अध्यक्षांनी मे महिन्यात फाटकाच्या उरलेल्या रंगातून गाडी रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्याने दुर्मीळ प्रामाणिकपणा दाखवत युनिट काढून त्याच्या खालची जागासुद्धा दोन हात देऊन रंगवली होती. वीज आणि इंजिन यांच्यामध्ये आमचे फाटक उभे होते. ठाण्यात इतके मन लावून रंगवणारा कारागीर मला एरवी कधी भेटलेला नाही, आणि भेटला तो नेमका नको त्या जागी.

पॉलिश पेपरने बैठक आणि बोल्ट घासून युनिट परत बसवायला मिस्त्रींना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मजुरी ३०० रुपये झाली. पेच आला तो खजिनदारांपाशी. दुरुस्तीत बदललेला भाग भंगारात जमा केल्याची नोंद असल्याशिवाय ते कोणतेही बिल पुढे सरकवत नाहीत, आणि येथे तर काहीच बदललेले नव्हते. बोल्ट तोच, युनिट तेच, वायरही तीच. ऑडिटर काय म्हणतील या विचाराने ते बराच वेळ हिशेबाच्या वहीवर पेन आपटत बसले. शेवटी घासून गुळगुळीत झालेला, हिरवा डाग पडलेला पॉलिश पेपरचा तुकडा माळीकाकांनी गवतातून शोधून आणला, खजिनदारांनी तो व्हाउचरला टाचला, त्यावर ‘निरुपयोगी’ असे लिहून सही केली, आणि बिल मंजूर झाले.