डबी सापडली, पण वहीत नाव कुठंय?

रात्री झोपताना तुमच्या नावापुढे सापडलेल्या ४१२ डब्या होत्या. सकाळी उठून बघता, तर ४११. सोबत ईमेल: अमुक डबीवरची तुमची ‘फाउंड इट’ (सापडली) नोंद मालकाने, म्हणजे ती डबी लपवणाऱ्याने, काढून टाकली आहे. घाबरू नका. आधी चहा टाका. जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी (तिला ‘कॅश’ म्हणतात) जीपीएसने शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि इंटरनेटवर तशी नोंद करायची. त्यातली तुमची खरी कारकीर्द आज सुरू होतेय; इतके दिवस तुम्ही नुसतेच झुडपांत हात घालत हिंडत होतात.

खेळ मुळात फार साधा होता, हीच त्याची अडचण. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ रानात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल, बीन्सचा डबा. अट एवढीच: काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत लिहा. त्यातलं घेणं-ठेवणं आता पोराटोरांकडे गेलं. मोठ्यांनी वही ठेवून घेतली.

तर पहिला सल्ला: पेन नेऊ नका. पेन असलं की सही होते, सही झाली की नोंद टिकते, आणि मग भांडायला उरतं काय? आजकाल डबी नखाएवढी असते, लोहचुंबकाने रस्त्याच्या कठड्याला मागून चिकटवलेली. आतली वही म्हणजे बोटभर रुंदीची कागदाची गुंडाळी. आमच्या ओरेगनात ऑक्टोबरपासून पाऊस लागतो, त्यामुळे ती गुंडाळी बाहेर येते ती भिजलेल्या पोह्यांसारखी. उलगडताना अर्धी बोटालाच राहते. बॉलपेन तिच्यावर उमटत नाही आणि पेन्सिल आरपार जाते. अशा वेळी ‘कागद ओला होता’ एवढं लिहून मोकळे व्हा, फोटो काढू नका. फोटो हा पुरावा झाला, आणि पुरावा असला की वाद दोन दिवसांत आटपतो.

नियम वाचायचा मोहही टाळा, कारण तो दुर्दैवाने सरळ आहे: वहीत तुमचं नाव असेल तर नोंद तुमची, नसेल तर ती काढायचा मालकाला हक्क. पूर्वी मालकांची चंगळ होती. डोक्यावर विदूषकाची टोपी घालून फोटो टाका, चारोळी लिहा, नाहीतर नोंद उडवतो, असं खुशाल बजावता यायचं. एप्रिल २००९ मध्ये खेळाची वेबसाइट चालवणाऱ्या सिएटलच्या मुख्यालयाने या जादा अटी बंद केल्या आणि कितीतरी मालक एका रात्रीत सामान्य नागरिक झाले. त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगा. उरलासुरला अधिकार ते जपून वापरतात: गुंडाळी घरी नेतात, हेअर ड्रायरने वाळवतात आणि भिंग घेऊन एकेक नाव इंटरनेटवरच्या यादीशी ताडून बघतात. आमच्या सोसायटीच्या खजिनदारांनी पावत्या इतक्या बारकाईने कधी पाहिल्या नाहीत.

आता वरच्या इयत्तेतली विद्या. तासभर शोधूनही डबी मिळाली नाही, तर ‘नाही सापडली’चं निळं रडकं तोंड नोंदवून निमूट घरी जाणं हे भित्र्यांचं काम. तुम्ही खिशातून कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी काढा, आत कागद घाला, त्यावर सही करा, दगडाखाली सरकवा आणि ‘सापडली’ म्हणून पिवळा हसरा चेहरा पदरात पाडून घ्या. आपणच लपवायचं, आपणच शोधायचं. वर मालकाला कळवायचं, ‘तुमची डबी गेली होती, मी नवी ठेवली, आभार मानायची गरज नाही.’ खरी गंमत पुढे आहे. मालकाची डबी गेलेलीच नसते. ती चार फुटांवर झाडाच्या ढोलीत सुखात असते. मागून येणाऱ्या दहा जणांपैकी सहा जण तुमच्या डबीत सह्या करतात, चार जण मालकाच्या. मग सहांच्या नोंदी उडवायच्या की ठेवायच्या? त्यांचा काय दोष? त्यांनी तर पेनही आणलं होतं! एका रिळाच्या डबीत एवढा पेचप्रसंग मावतो. कोर्टात जायचं तर निदान शेताचा बांध तरी लागतो.

घाऊक काम हवं असेल तर नेवाडाच्या वाळवंटात जा. तिथे ‘एक्स्ट्राटेरेस्ट्रिअल हायवे’वर दर १६१ मीटरला एक, अशा हजारांहून जास्त डब्या ओळीने लावल्या गेल्या. लोक गाडी चालू ठेवतात, एकजण उतरतो, बाकीचे आत बसून चिप्स खातात, आणि सही संघाच्या नावाने होते. चिप्स खाणाऱ्यालाही श्रेय पूर्ण. त्यावर कुणी आक्षेप घेतला, तर खेळभावनेवर लांबलचक बोला.

अर्थकॅश नावाच्या प्रकारात तर डबीच नसते. खडक बघायचा आणि प्रश्नांची उत्तरं मालकाला पाठवायची. उत्तरं न पाठवता नोंद ठोकून द्या; ती उडाली की ‘मी खडक स्वतः पाहिलाय’ म्हणा. खडक साक्षीला येत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. हे दुःख घरी सांगू नका. मी पुण्याला फोन करून बाबांना म्हटलं, ‘बाबा, माझी एक कॅश गेली.’ ते क्षणभर गप्प. मग हळूच, ‘किती?’ समजावून सांगायला पाऊण तास गेला आणि शेवटी ते म्हणाले, ‘म्हणजे पैसे नाहीत ना गेले? मग ठेवू फोन?’

माझं प्रकरण असं. ऑगस्टमध्ये पेन नव्हतं (सल्ला क्रमांक एक, मी स्वतः पाळतो), म्हणून शेजारच्या झुडपातली ब्लॅकबेरी चुरडून काडीने सही केली. छान जांभळी, लफ्फेदार आली होती. नोव्हेंबरात मालकाने तपासणी केली तेव्हा पावसाने तिचा नुसता डाग केला होता. डाग म्हणजे सही नव्हे, असं त्याचं म्हणणं. मी ‘सविनय कळविण्यात येते की’ने सुरू होणारं तीन परिच्छेदांचं पत्र धाडलं, सोबत ब्लॅकबेरीच्या हंगामाचा तपशील. मुख्यालयाकडे अपिलाचा मसुदाही तयार ठेवला.

काल त्याचं उत्तर आलं: ‘मी जवळच राहतो. शनिवारी या, पेन मी आणतो, आणि येताना छत्री घ्या.’ इतक्या आपुलकीने वागणाऱ्या माणसाशी भांडण पुढे कसं रेटायचं, याचा विचार चालू आहे.