‘आपोआप होतात’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

ब्रिसलनोज या टाकीत पाळायच्या माशावरच्या माझ्या लेखाखाली परवा तुम्ही, नाव न देता, लिहिलंत: ‘ब्रिसलनोज कुणाच्याही टाकीत आपोआप पिल्लं देतात, त्यात कौतुक काय? अंडी तीन दिवसांत फुटत नाहीत. आणि भावंडंच आपसात लावून वर्षानुवर्षं वाटत बसलात तर वंश बिघडतो. जरा अभ्यास करून लिहा, काका.’

कळव्यात मला सगळेच काका म्हणतात, त्याचा राग नाही. पण मायेने म्हटलेला काका वेगळा आणि गप्प बसवायला म्हटलेला वेगळा, एवढं साठीला आलेल्या माणसाला कळतं. मुद्दा मांडायचा होता तर नावानिशी मांडायचा होता.

तीन दिवसांचं मान्य. चूक माझीच. पाणी २७ अंशांच्या आसपास असेल तर पाच-सहा दिवस धरा, गार असेल तर आणखी. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘आपोआप’. हा शब्द मला झोंबला, हे लपवत नाही.

मादी टाकीत ठेवलेल्या नळीत येते, नारिंगी अंड्यांचा घोस चिकटवते, आणि त्यानंतर तिला तिथे थारा नसतो. पुढचं सगळं नराकडे. तो पंखांनी अंड्यांवर पाणी खेळवत ठेवतो, तोंडाने साफसफाई करतो, पांढरं पडलेलं अंडं काढून टाकतो. दोडक्याची चकती समोर ठेवली तरी बाहेर येत नाही. पण हे कधी? नळी त्याच्या मापाची असेल तेव्हा. माझ्या पहिल्या नराने तीन वेळा घोस बाहेर लोटला. मी प्लंबिंगचा पाइप टाकला होता, ऐसपैस आणि दोन्हीकडून उघडा. गावचं घर उतरवलं तेव्हा नळीची दोन कौलं घेऊन आलो, समोरासमोर ठेवून नायलॉनच्या दोऱ्याने बांधली, मागचं तोंड लादीच्या तुकड्याने बंद केलं. पंख पसरले की नर दोन्ही बाजूंना टेकेल, इतकीच जागा. चौथ्या वेळी तो हलला नाही.

ती चौथी वेळ म्हणजे जुलै २००५. पावसाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरलं होतं, त्यावरच जोडी लागली. २६ तारखेला अंडी तिसऱ्या दिवसावर होती आणि आमच्या बिल्डिंगची वीज गेली ती दोन रात्री आलीच नाही. फिल्टर बंद, एअर पंप बंद. मी आणि बायको पाळीपाळीने मगाने टाकीतलंच पाणी वरून ओतत होतो, दर पंधरा मिनिटांनी, मेणबत्तीच्या उजेडात. खाली रस्त्यावर कमरेएवढं पाणी होतं. शेजारी म्हणाले, वेड लागलंय दोघांना. नराने त्या दोन रात्रींत कौल सोडलं नाही. नंतर पोटाला पिवळ्या पिशव्या लटकलेली पिल्लं आतल्या भिंतीला चिकटलेली दिसली. बाहेर पडली तेव्हा मोजली, ३१ होती.

ज्याने अशी एक रात्र काढलेली नाही त्याने मला ‘आपोआप’ शिकवू नये. तुमच्या टाकीत होत असतील, आनंद आहे. तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल, बोअरचं पाणी असेल. आमच्याकडे नळाचं क्लोरीनचं पाणी पिंपात दिवसभर उघडं ठेवावं लागतं, आणि तो पिंप वन रूम किचनमध्ये कुठे ठेवायचा यावर घरात वीस वर्षं वाद चालू आहे. माझा अभ्यास हाच आहे.

वंशाचं म्हणाल तर त्यावर इथे वाद घालत नाही. माझी पिल्लं नेलेल्या एकानेही आजवर तक्रार केलेली नाही, उलट लोक पुन्हा मागायला येतात. आणि मी एकही पिल्लू ठाण्याच्या मासुंदा तलावात सोडलेलं नाही. उजनी धरणात टाकीतून बाहेर सोडलेल्या सकर माशांच्या काट्यांनी जाळी फाटतात, त्यावर कुणी लिहिलं असतं तर मी स्वतः दाद दिली असती. तुम्हाला मात्र माझीच भावंडं दिसली.

यापुढे प्रतिक्रिया नावानिशी आली तरच छापेन. कौलांचं माप लेखात नव्हतं, तेही आता घातलं आहे: आतून रुंदी साधारण पाच सेंटिमीटर, लांबी पंधरा.