‘समजलं’ म्हणजे नेमकं काय झालं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘समज नसेल तर स्पष्टीकरण कुचकामी’ असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विज्ञानाचं काम स्पष्टीकरण देणं, ‘समजलं’ ही नुसती मनाची भावना, ती चुकीचं स्पष्टीकरण ऐकूनही येते, आणि मी तिला उगाच डोक्यावर घेतलंय.

अर्धं मान्य. विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल हेम्पेल यांचाही कल तिकडेच होता. १९४८ साली पॉल ओपनहाइम या सहलेखकासोबत त्यांनी स्पष्टीकरणाचा साचा मांडला: नियम आणि परिस्थिती यांतून घटना तर्काने निघाली पाहिजे. ‘समजणं’ त्यांनी मानसशास्त्राच्या दारात नेऊन ठेवलं. पण मी ज्या समजेबद्दल बोलतोय ती भावना नाही, हातोटी आहे.

रावेरकडचे माझे मामा पूर्वी बंद खोलीत धुरी देऊन केळी पिकवायचे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी त्यांना ऐटीत सांगितलं, की धुरात इथिलीन नावाचा वायू असतो, त्याने फळातल्या स्टार्चची साखर होते. मामांनी फणीवरचा चीक पुसत विचारलं, “मंग धूर न करता त्यात एक पिकेल केळं ठेवलं तं?” मी गप्प. पिकणारं केळं स्वतःच इथिलीन सोडतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो! स्पष्टीकरण माझ्याकडे होतं, समज नव्हती.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. मामांची पक्की समजूत होती की केळी पिकते ती धुराच्या उबेने. एका एप्रिलमध्ये, गिऱ्हाईक घाईचं म्हणून, त्यांनी खोली आणखी तापवली. गर लिबलिबीत झाला, साल हिरवीच राहिली. आपल्याकडच्या केळीचं जास्त उष्णतेत तसंच होतं, साल पिवळी पडतच नाही. अख्खा माल गेला. तेव्हा समजल्याचा भास त्यांनाही होता, यात वाद नाही.

पण हा भास उघडा पडला कशाने? परिस्थिती बदलल्याने. मलाही मामांच्या बदललेल्या प्रश्नानेच पकडलं. हेंक द रेख्त आणि डेनिस डीक्स या विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये साधारण हीच कसोटी सुचवली: पूर्ण आकडेमोड न करता सिद्धान्ताचे ठळक परिणाम ओळखता आले, तर तो समजला. वायूचे कण भिंतींवर आदळतात हे कळलेल्याला दट्ट्या आत ढकलला की दाब वाढणार, हे गणिताआधीच दिसतं. आतून काय वाटतं याची इथे कोणी चौकशीच करत नाही. मग तुमचा आक्षेप लागतो तो समजल्याच्या भासाला. समजेला कसा लागेल?

मूळ लेखातलं ‘समज नसेल तर स्पष्टीकरण कुचकामी’ हे वाक्य मात्र मागे घेतो. लिहिण्याच्या भरात लिहिलं गेलं. मामांच्या गावातला रायपनिंग चेंबर, म्हणजे केळी पिकवायची यांत्रिक खोली, सांभाळणारा पोरगा भिंतीवरचा तक्ता बघून गॅस सोडतो, तापमान लावतो, दुसरं काही विचारत नाही. त्याची केळी मामांपेक्षा एकसारखी पिकते.