म्हणे, रात्रीचं जेवण सोडा!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तिसऱ्यांदा मधुमेहावरचा तोच मेसेज आला: ‘सकाळची साखर वाढते ती रात्रीच्या जेवणामुळे. जेवण सोडा, उपाशीपोटी मेथीचं पाणी प्या, पंधरा दिवसांत गोळी सुटेल.’ खाली सगळ्यांचे हात जोडलेले.

मुळात साखर वाढायला जेवणच लागतं असं नाही. पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. मधुमेह नसेल तर स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून निभावून नेतं. आपलं, मधुमेहवाल्यांचं, नेत नाही. म्हणून रात्री अर्धी भाकरी खाणाऱ्याचीही साखर सकाळी १७० निघू शकते. (उशिराचं जेवण बाधतंच. साडेदहाला बदलापूरला उतरून भात ओरपणाऱ्या मला ते वेगळं सांगायला नको.)

जेवण सोडायचा सल्ला तर धोक्याचा. आईने तो ऐकला. रात्रीची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, घेतली आणि न जेवता झोपली. अडीचला स्वयंपाकघरात डबे वाजले. आई ओट्याला धरून उभी, मान घामाने भिजलेली, साखरेच्या डब्याचं झाकण काही निघेना. मीटरवर ५४, साखर फारच उतरलेली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. ही गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना उपास म्हणजे हे.

मेथीने थोडाफार फरक पडेलही, पण ती गोळीची जागा घेत नाही. गंमत अशी, की लोक जिला सोडायला निघालेत ती मेटफॉर्मिन, मधुमेहाची नेहमीची गोळी, नेमकी यकृतालाच आवर घालते.

त्यापेक्षा तीन-चार दिवस झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्यावर साखर मोजा. झोपतानाच जास्त असेल तर जेवणाकडे बघा. तीनला ठीक आणि सकाळी चढलेली असेल तर काम यकृताचं. तीनला ७० च्या खाली गेली तर औषध जास्त होतंय. गोळीत बदल मात्र डॉक्टरांनीच करायचा. उपाशीपोटी ८० ते १३० हे बहुतेकांचं लक्ष्य, पण म्हाताऱ्या माणसांना जरा सैल ठेवतात.

आईने नीट जेवून आकडे घेतले, कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी. तीनच्या रांगेत ६६, ७१, ६४. डॉक्टरांनी पान पाहिलं आणि ग्लिमेपिराइड निम्मी केली.