अंगणवाडी स्मार्ट करायची आहे? आधी पेंटरला फोन लावा

राजेहो, आधी अभिनंदन घ्या. तुमच्या गावच्या अंगणवाडीचं नाव केंद्राच्या ‘सक्षम अंगणवाडी’ योजनेच्या यादीत आलं म्हणे. देशात अशा २ लाख अंगणवाड्या सुधारायचं ठरलंय, एलईडी स्क्रीन येईल, पाणी शुद्ध करायचं मशीन येईल, पोषण वाटिका नावाची परसबाग येईल, पण अशा वेळी गावातल्या जाणत्या माणसानं म्हंजे तुम्ही नेमकं काय करायचं हे कोणीच सांगत नाही. मी सांगतो. आमच्या गावाचा नंबर आधी लागून गेला आणि आमची वहिनीच सेविका आहे, त्यामुळे मला हा अनुभव घरबसल्या जेवणासोबत मिळतो, कधीकधी जेवणाच्या ऐवजी मिळतो.

तर पहिलं काम, पेंटरला फोन लावा. पोरं किती येतात, काय शिकतात, खिचडीत काय पडतं हे फोटोत येत नाही, भिंत येते. भिंतीवर आगगाडी काढावीच लागते, डब्यांवर १ ते १० आकडे. आमच्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला बंद पडल्यापासून पोरांनी खरी गाडी पाहिलेलीच नाही, भिंतीवरची तेवढी वेळेवर धावते. मग एक जिराफ पाहिजे. का पाहिजे ते विचारू नका, सगळीकडे असतो. आमचा पेंटर म्हंजे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा माणूस, त्यानं उभ्या जन्मात जिराफ पाहिला नव्हता, मोबाईलमध्ये बघून काढायला घेतला तर मानेपर्यंत आला आणि बॅटरी गेली, मग मान अंदाजानं काढली ती जरा आखूड झाली, पिवळा रंग आगगाडीतच संपला होता म्हणून करडा मारला, ठिपके राहूनच गेले. सरपंच म्हणाले, जनावर आहे ना, मग झालं.

एलईडी स्क्रीन आली की तिला हात लावू नका. आमच्याकडे स्क्रीन आली तेव्हा लाइनच नव्हती, बिल थकलं म्हणून कनेक्शन कापलेलं, आणि बिल ग्रामपंचायतीनं भरायचं की वरच्यांनी भरायचं यावर अजून विचारविनिमय चालू आहे. वहिनीनं स्क्रीनवर टेबलक्लॉथ टाकून ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून. तिचं खोकं मात्र रोज वापरात आहे, पोरं त्यात बसून गाडी गाडी खेळतात, एक ढकलतो, एक तिकिटं फाडतो, एक उतरायचं म्हणून रडतो. शिक्षण म्हणाल तर सगळ्यात जास्त त्या खोक्यातच झालं.

इमारतीचं टेन्शन घेऊ नका. नवीन इमारतीला १२ लाख धरलेत, त्यातले ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगातून आणि २ लाख महिला बालविकासकडून. तीन खिशातले पैसे एका वेळी एका जागी आले तर इमारत होते. तोवर समाजमंदिर आहे. आमची अंगणवाडी सहा वर्षं समाजमंदिरात भरली, लग्न असलं की मारुतीच्या पारावर, तेरवी असली की कोणाच्या तरी ओसरीवर, आणि लग्न-तेरवी एकाच दिवशी आली की सुट्टी. पोरांना पाढे आले नाहीत पण मुहूर्त पाठ झाले.

भाषण मात्र दणदणीत करा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की पोराच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहाव्या वर्षाआधीच होते, हे पाठ करून ठेवा, टाळी हमखास पडते. फक्त टाळीनंतर लगेच विषय बदला. कारण या ८५ टक्के मेंदूला जेवू घालायचा दर आहे दिवसाला ८ रुपये, २०१७ सालचा. अतिकुपोषित पोर असलं तर १२, गरोदर आणि स्तनदा बाईला साडेनऊ. आठ रुपयात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. अर्धे दिल्लीचे आणि अर्धे मुंबईचे, म्हंजे चार-चार रुपये पडले, आणि चार रुपयात आमच्या स्टँडवर कट चहा सोडा, नुसता कप विसळून देणार नाहीत.

तरी निभतं. कसं निभतं ते खिचडी शिजवणाऱ्या बचत गटातल्या बायांना विचारा, म्हंजे विचारू नका, ऐकावं लागेल. बिल तीन-तीन महिने उतरत नाही, तोवर किराणा उधार, दुकानदार आता त्यांना लांबून पाहिलं की फोनवर बोलायला लागतो. मग खिचडी पिवळी दिसली म्हंजे डाळ आहे असं समजायचं, हळद फार गुणी वस्तू आहे. बरं हे कुठं चाललंय, तर जिथं चारी बाजूंनी वावरात तूर उभी असते तिथं. एकदा एका पोरानं ताटलीत बोट फिरवून फिरवून डाळीचा एक दाणा शोधला आणि वहिनीला नेऊन दाखवला, बाई, सापडली! वहिनी म्हणाली शाबास. काय म्हणणार दुसरं.

अंडं देता येईल का असा प्रश्न मीटिंगमध्ये एखादा आगाऊ माणूस काढतोच. त्याला सांगा की आदिवासी भागात अमृत आहार योजनेत अंडी-केळी आहेत, आपण आदिवासी भागात येत नाही. आपल्या पोरांची हाडं तेवढी सीमारेषा ओळखतात.

आणि कोणी हक्काबिक्काची भाषा काढली तर घाबरू नका, संविधान तुमच्या बाजूनं आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं ६ ते १४ वर्षांच्या पोरांना शिक्षणाचा हक्क मिळाला, कलम २१क. सहाच्या आतल्यांचं काय, तर त्यांच्यासाठी कलम ४५, राज्य ‘प्रयत्न करील’. हा प्रयत्न शब्द नीट जपा. शेतकऱ्यानं बँकेत जाऊन सांगावं की मी कर्ज फेडायचा प्रयत्न करीन, बघा खुर्ची देतात का. पण तीन वर्षांच्या पोराला काय कळतं कलम, आणि त्याला मतदानही नाही, आहे तो अंगठा तोंडात.

आता सेविकेकडे या. इथंच खरी बचत आहे. १९७५ पासून, म्हंजे २ ऑक्टोबरला अंगणवाडीची योजना सुरू झाली तेव्हापासून, आपण एक गोष्ट पक्की धरून ठेवलीय की ती नोकरी नाही, सेवा आहे. म्हणून पगार नाही, मानधन. केंद्राचा वाटा २०१८ पासून महिन्याला साडेचार हजार धरलेला, वर राज्य काय घालेल ते. त्यासाठी ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका-मदतनीस दीड महिन्याच्या वर संपावर होत्या, आमची वहिनी पण ऐन थंडीत मोर्चाला गेली, येताना खोकला घेऊन आली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यांना ग्रॅच्युइटी लागू होते. कोर्टाचा मान राखायचा, घाई करायची नाही.

पैसे कमी आहेत म्हणून काम कमी पडेल असं वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका. वजन घे, उंची घे, दंडाला पट्टी लाव, लसीकरणाला बाया गोळा कर, गरोदर बाईच्या घरी जा, सर्व्हे कर, मतदार यादी घेऊन फीर, २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे फॉर्म भर, फॉर्ममागे ५० रुपये कबूल. आमच्या घरच्या ओट्यावर त्या महिन्यात रात्री अकरापर्यंत लाइन होती, भाऊ म्हणे मी जेवायला लाइनीत लागू का. सहा सेवा आहेत कागदावर, त्यातली एक शाळापूर्व शिक्षण. ती उरलेल्या वेळात. तीन दिवसांचं ट्रेनिंग पण होतं, ‘पोषणही पढाईही’ म्हणून, खेळातून शिकवा, गोष्टी सांगा, प्रत्येक पोराकडे लक्ष द्या. वहिनी म्हणाली ट्रेनिंग खरंच चांगलं होतं भाऊजी, फक्त परत येऊन बघते तर २५ रजिस्टरं नाही का, वाट पाहून राहिली. पंचवीस तिनं रागात म्हटलं असेल, मी मोजली नाहीत.

रजिस्टरं आता मोबाईलमध्ये गेलीत, हे तुम्ही भाषणात जरूर सांगा. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर आला. तेव्हा अ‍ॅप इंग्रजीत आणि सरकारी मोबाईल असा की हातात धरला की इस्त्रीसारखा तापे, राज्यात सेविकांनी ते मोबाईल परत नेऊन दिले होते, आठवत असेल. आता त्याच्या पुढची पायरी आली, २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायच्या आहाराच्या पाकिटासाठी चेहरा दाखवावा लागतो. चोरी होऊ नये म्हणून. ते पाकीट चोरून नेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, आमच्याकडे ते म्हशीला घातलं तर म्हैस आधी मालकाकडे बघते.

एक दिवस मी होतो तिथं. कापूस वेचायचे दिवस, दुपारचे चार. एक बाई सकाळी सहाला वावरात गेलेली, मजुरी अर्धी सोडून आली, डोक्याला फडकं, चेहऱ्यावर धूळ, कडेवर आठ महिन्यांचं पोर. वहिनी तिला घेऊन पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढली, रेंज तिथंच येते. डोळे मिचकाव. मिचकावले. जुळत नाही. फडकं काढ. काढलं. जुळत नाही. तोंड धुऊन ये. धुऊन आली, अंधूक आहे म्हणून आता उजेडाकडे उभी कर. आधारवरचा फोटो तिच्या लग्नाच्या आधीचा, तेव्हा गाल होते. ते पोर मधेच मोबाईलकडे बघून हसलं आणि चौकट एकदम हिरवी झाली, दोघी खूश, तर अ‍ॅप म्हणे चेहरा जुळला नाही. ती म्हणाली, “जाऊ दे बाई, मी मीच नसन.” आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिची सासू आली पाकीट मागायला, तिलाही वहिनीनं परत पाठवलं, द्यायचं तरी कसं, सासूचा चेहरा तर मुळातच नाही सिस्टीममध्ये.

हे सगळं झालं की तुमचा स्वतःचा नातू कॉन्व्हेंटमध्ये घाला. हे फार महत्त्वाचं आहे. सरपंचाचा, मास्तरचा, दुकानदाराचा, माझा पण, पोरगा अंगणवाडीत दिसता कामा नये, नाहीतर खिचडीत डाळ टाकायची पाळी येते. होय, माझाही कॉन्व्हेंटलाच जातो, केजी वन, वहिनी घरात असून, आणि ती यावर काही बोलत नाही, हे जास्त लागतं. सकाळी सातला ऑटो येतो, आत चौदा पोरं आणि चौदा बॅगा. मार्चमध्ये ऊन ४० च्या पुढं गेलं तरी टाय पाहिजे. जूनमध्ये पावसानं ओढ दिली, मी दुबार पेरणीच्या भीतीनं आभाळाकडे बघत बसलोय आणि पोरगा अंगणात हातवारे करून पावसाला हाकलून लावणारी इंग्रजी कविता म्हणतोय. आई म्हणाली, “काऊन बोलून राहिला रे तो असं पावसाले?” मी म्हटलं फी भरलीय.

मग चौकात बसून म्हणायचं, सरकारी अंगणवाडीत काय ठेवलंय, पोरंच येत नाहीत. पोरं येत नाहीत म्हणून पैसे कशाला, पैसे नाहीत म्हणून पोरं कशाला. याच्यावर पानठेल्यावर दोन तास सहज जातात.

शेवटी उद्घाटन. बॅनर मोठा छापा, पण ताराबाई मोडकांचा फोटो टाकायची आयडिया कोणी काढली तर हाणून पाडा. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी काम मांडलं, पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी, आणि लग्नानंतरची काही वर्षं तर त्या आपल्या अमरावतीलाच होत्या. सगळं खरं, पण बॅनरवर आमच्याकडे आधीच चौदा फोटो होते, पंधरावा बसवायचा तर कोणाचा तरी गॉगल कापावा लागला असता.

आमचं उद्घाटन झकास झालं. लाइन शेजारच्या घरून आकडा टाकून आणली, स्क्रीन चार मिनिटं चालली. साहेब आले, नारळ, फीत, फोटो. पोरांना आंघोळी घालून, केसांना तेल चोपडून, ओळीत बसवलेलं. साहेबांना वाटलं पोरांशी काही बोलावं, तर त्यांनी भिंतीवरच्या जिराफावर हात ठेवला आणि पुढच्या पोराला विचारलं, “बाळा, हा कोणता प्राणी?”

पोरगा तोच, दाणा सापडलेला. त्यानं जरा निरखून पाहिलं.

“रोही,” तो म्हणाला. रोही म्हंजे नीलगाय.

साहेब हसले, म्हणाले, “नाही बाळा, जिराफ. जि-रा-फ.”

“रोहीच हाय थो,” पोरगा म्हणाला, “आमच्या वावरात येते. सारी तूर थोच खाते.”