पहिली एसटी आणि आठचं प्रॅक्टिकल

सर, नमस्कार. माझ्या मागच्या लेखावर तुमचं पत्र आलं. तुम्ही नाव न देता 'एक माजी प्राचार्य' एवढंच लिहिलंय, म्हणून सर म्हणते. त्या लेखात मी लिहिलं होतं की, हजेरी कमी म्हणून नोटीस बोर्डावर लागलेल्या यादीतल्या अकरा मुलींची नावं मी भांडून काढायला लावली. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, नियम सगळ्यांना सारखा हवा. मॅडमच्या मायेनं कॉलेज चालत नाही. दोन, माझ्या टेबलापर्यंत येऊन रडल्या त्यांचं काम झालं, न आलेल्यांचं काय? आणि तीन, कर्मवीरांच्या साताऱ्यात मुलं राबून शिकली, त्यांना कोणी सवलती दिल्या नव्हत्या.

दुसरा आक्षेप मला लागला. त्याच्याकडे येतेच, पण आधी तिसऱ्याचं बघू.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथली मुलं राबत होती, हे खरंच आहे. शेतात खपायची, स्वयंपाकही स्वतः करायची. पण त्या आधी त्यांना राहायला छप्पर मिळालेलं होतं. एसटी चुकली म्हणून बोर्डिंगातल्या पोराचा तास बुडत नव्हता, कारण पोर तिथंच झोपत होतं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची, तेही आपोआप घडलं नव्हतं, कुणीतरी ठरवून घडवलं होतं. म्हणजे आधी सोय केली आणि मग कष्ट मागितले. आपण सोय गाळून कष्टांचा तेवढा दाखला देतो.

आणि एक सांगू का? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्र विकलं, ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो. सांगताना माझाही आवाज भरून येतो. पण अलीकडे मला प्रश्न पडतो की, कोठीत धान्य नव्हतं त्या दिवशी एका बाईच्या गळ्यातला दागिना हाच उपाय उरला होता, याचं आपल्याला नुसतं कौतुकच का वाटावं? आजही स्टाफरूममध्ये बघा. स्नेहसंमेलनाचं अध्यक्षपद, समित्यांचं प्रमुखपद एकीकडे. चक्कर आलेल्या मुलीला दवाखान्यात न्यायचं, तिच्या आईला फोन करायचा, फीचे पाचशे रुपये पर्समधून काढायचे, हे 'मॅडम, तुम्ही बघा ना जरा' म्हणून दुसरीकडे. त्याचे गुण कुठल्याच फॉर्मवर धरत नाहीत. तुम्ही ज्याला मॅडमची माया म्हणता, ते बिनपगारी खातं आहे सर.

आता सारख्या नियमाचं. त्या अकरांपैकी एक पुसेगावच्या पुढच्या वस्तीवरून येते. पहिली एसटी सातारा स्टँडवर साडेआठला. प्रॅक्टिकल आठला. प्रॅक्टिकलच्या सरांनी दार लावलं की जर्नलवर सही नाही, सही नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत तिचा पास फुकट होता. कॉलेजात आल्यावर मासिक पासाचे एक तृतीयांश पैसे घरून मागावे लागतात. इथं साताऱ्यातच सदाशिव पेठेत राहणाऱ्या मुलीला आणि हिला हजेरीचा '७५ टक्के' हा आकडा एकच आहे, एवढं तुमचं बरोबर. मी हजेरी माफ करून घेतली नाही, बॅच बदलून घेतली. दुपारच्या बॅचमध्ये तिचा एकही तास बुडालेला नाही.

आणि तुमचा दुसरा आक्षेप. तुम्ही बरोबर आहात. यादीत बेचाळीस नावं होती. अकरा माझ्याकडे आल्या. उरलेल्या एकतीस जणांत मुलगेच जास्त होते, आणि मुलगे रडायला येत नाहीत; ते कॉलेजच सोडतात. त्यातल्या एकाला मी नंतर एका ढाब्यावर ताटं उचलताना पाहिलं. त्यानं मला ओळखलं, मीच मान फिरवली. हे लेखात लिहायचं धाडस माझ्याच्यानं झालं नव्हतं.

म्हणजे मी न्याय केला असं जे मला वाटत होतं, तो खरं तर माझा दरबार होता. जो आत आला त्याचं ऐकलं. नियम कागदावर पुष्कळ आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१२ च्या विनियमांनी मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी समान संधी कक्ष सांगितला, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आहे. आमच्याकडे कक्षाची पाटी आहे, खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांची पोती. त्यावर मी आजवर एक अर्जसुद्धा केला नव्हता, कारण मुली थेट माझ्याकडे येतात याचं मला आतून सुख होतं.

यंदा जूनमध्ये प्रवेश अर्जाला एक जोडकागद लावला. तीनच प्रश्न: गाडी स्टँडवर किती वाजता पोचते, घरी परतायची शेवटची गाडी कितीची, आणि शिकता शिकता काम करता का, कोणत्या वेळी. जातीचा, उत्पन्नाचा दाखला नको, रडणं नको. सगळ्यांनी भरायचा, सदाशिव पेठेनेसुद्धा. तुमचा सारखा नियम इथं लागू झाला, बघा. तो गठ्ठा टाइमटेबल समितीपुढे ठेवला. दोन विभागांनी एकेक बॅच दुपारी हलवली. तिसऱ्यानं कळवलं की दुपारी लॅब असिस्टंट नसतो. ते खोटं नाही. ते पद चार वर्षं रिकामं आहे.